मऊपणाचे मोजमाप

पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया चालू असते तेव्हा एक साहाय्यक पित्ताशयाचे टोक चिमट्यात धरून ते यकृतासकट वर सारून ठेवतो. काम वरकरणी सोपे. पण जोर कमी पडला तर सर्जनला खालची नळी आणि रक्तवाहिनी नीट दिसत नाही, आणि जास्त झाला तर पित्ताशय फाटते, पित्त सांडते, यकृताच्या पृष्ठभागावरून रक्त झिरपू लागते. किती जोर लावायचा, हे त्या साहाय्यकाला न्यूटनमध्ये कोणी सांगत नाही. 'जरा सैल सोड', 'अजून थोडं वर', 'आता हलू नकोस' एवढ्याच शब्दांत ती विद्या एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जाते. काही वर्षांनी तो हात जाणता होतो. पण तेव्हाही त्या डॉक्टरला विचारले, तर आकडा सांगता येत नाही.

हे शिकणे आजवर प्रामुख्याने रुग्णाच्या शरीरावर होत आले. ते आधी यंत्रावर व्हावे, चुका व्हायच्या त्या तिथे व्हाव्यात, म्हणून शस्त्रक्रियेचे सिम्युलेटर आले. यंत्राला मात्र 'जरा सैल' कळत नाही. पडद्यावरचे यकृत चिमट्याने दाबले की ते किती दबावे, हाताला किती विरोध जाणवावा, कधी फाटावे, सोडल्यावर किती वेळात पूर्ववत व्हावे, हे सगळे त्याला संख्येत द्यावे लागते. या संख्या येतात कुठून, त्या कशाने आणि कोणत्या अवस्थेतल्या ऊतीवर मोजल्या, आणि त्यांच्यावर किती भिस्त ठेवावी, हा या पुस्तकाचा विषय आहे.

सिम्युलेटरचे चित्र गेल्या तीस वर्षांत फार पुढे गेले. ओलसर चकाकी, रक्ताचा ओघळ, कापलेल्या कडेचा रंग हे सारे आता खरे वाटते. स्पर्श मात्र बराच मागे राहिला. याचे कारण संगणकाची ताकद कमी पडली असे नाही. चित्र कॅमेऱ्याने दुरून टिपता येते, मऊपणा मोजायचा तर जिवंत शरीराला हात लावावा लागतो. आणि हात लावून जो आकडा मिळतो, तो त्या ऊतीच्या त्या क्षणीच्या अवस्थेपासून सुटा करता येत नाही. माझ्या मते या शास्त्राची खरी अडचण इथेच आहे, आणि त्याचे आकर्षणही. प्रस्तावनेत मला प्रामुख्याने याबद्दलच बोलायचे आहे.

सरावासाठी शरीराऐवजी दुसरे काही वापरावे, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात योग्या, म्हणजे सराव, या विषयाला एक स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुधी, काकडी यांच्यावर करावा. भेदन शिकायचे तर पाण्याने आणि चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्यांवर किंवा जनावराच्या मूत्राशयावर. खरवडणे केसाळ कातड्यावर. शीर टोचणे मेलेल्या जनावराच्या शिरेवर किंवा कमळाच्या देठावर. टाके घालणे जाड विणीच्या कापडाच्या किंवा मऊ चामड्याच्या कडेवर. डाग देणे मऊ मांसाच्या तुकड्यावर. अनेकदा ही यादी केवळ अभिमानाने सांगितली जाते. ती नीट वाचली तर तिच्यातली निवड लक्षात येते. प्रत्येक क्रियेसाठी पदार्थ वेगळा आहे, आणि तो दिसायला शरीरासारखा आहे म्हणून निवडलेला नाही. देठ टोचताना सुईला आधी विरोध होतो आणि मग ती एकदम आत जाते. भरलेली पिशवी भेदताना आतला दाब हाताला कळतो. क्रियेला आवश्यक असलेला तेवढाच गुणधर्म ज्यात आहे, तो पदार्थ घ्यायचा. आजचा सिम्युलेटर बनवणाराही हेच करू पाहतो. त्याला फक्त तो गुणधर्म मोजून हवा असतो.

मोजायला गेले की मऊ ऊती किती अवघड आहे हे कळते. रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये स्प्रिंगांविषयी सांगितलेला नियम आपण शाळेत शिकतो: जेवढा ताण, तेवढी लांबी वाढते. पोलादाच्या बाबतीत तो नित्याच्या वापरात चोख चालतो. पोलादाचा यंग गुणांक, म्हणजे ताठपणाचे माप, सुमारे २०० गिगापास्कल, आणि तो पुण्यात मोजला काय किंवा पॅरिसमध्ये, तोच येतो. मेंदूच्या ऊतीचा गुणांक एखाद्या किलोपास्कलच्या घरात असतो, म्हणजे पोलादाच्या वीस कोटी पटींनी कमी. इतक्या मऊ वस्तूला यंत्राच्या जबड्यात पकडणे हेच मुळात कठीण. ती स्वतःच्या वजनाने पसरते, पकडीच्या जागी फाटते, हवेत ठेवली तर सुकते.

पण मऊपणा ही अडचणींपैकी सर्वांत लहान अडचण. व्हिएन्नात जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये काम केलेल्या व्हर्टहाइम या शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये मानवी शरीरातल्या ऊती ताणून पाहिल्या, तेव्हाच त्याला दिसले की त्या हूकच्या सरळ रेषेवर चालत नाहीत. सुरुवातीला थोड्या जोराने पुष्कळ ताणल्या जातात, आणि पुढे जोर कितीही वाढवला तरी फारशा हलत नाहीत. कातडीत, रक्तवाहिनीच्या भिंतीत किंवा आतड्यात कोलॅजेनचे तंतू नागमोडी पडलेले असतात. आधी ही वळणे सरळ होतात, त्याला फारसा जोर लागत नाही. ती सरळ झाली की तंतू स्वतः ताण घेऊ लागतात आणि ऊती एकाएकी ताठ होते. चांगला सर्जन टाका ओढताना हे वळण बोटांत ओळखतो आणि तिथे थांबतो. सिम्युलेटरमध्ये मात्र ऊतीला एकच गुणांक दिला, तर हे वळण नाहीसेच होते. त्यावर शिकणाऱ्याला थांबायची जागा कधी कळतच नाही.

या वक्ररेषेला गणिताचे रूप देणाऱ्या माणसाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण या विषयाची घडण त्याच्यामुळे झाली. युआन-चेंग फुंग यांचा जन्म १९१९ चा, चीनमधल्या चांगचौ शहरातला. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ते विमानशास्त्राचे नावाजलेले संशोधक होते. वाऱ्यात विमानाचे पंख थरथरू कसे लागतात, यावरचे त्यांचे पुस्तक आजही वापरले जाते. चीनमध्ये त्यांच्या आईला काचबिंदू झाला. डोळ्यातल्या दाबाविषयी जे काही छापलेले सापडेल ते फुंग वाचू लागले आणि त्याचा सारांश तिच्या डॉक्टरांना पाठवू लागले. त्या वाचनातून ते शरीरशास्त्राकडे ओढले गेले. १९६६ मध्ये, वयाची चाळिशी उलटल्यावर, जमलेले क्षेत्र सोडून ते सॅन दिएगोच्या विद्यापीठात गेले आणि सगळे नव्याने सुरू केले.

१९६७ मध्ये त्यांनी सशाच्या आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्याची पट्टी ताणली. जोर आणि ताठपणा यांचा आलेख काढला, तर त्यातून जवळपास सरळ रेषा निघाली: ऊतीवर जितका ताण आधीच आहे, तितकी ती पुढच्या ताणाला ताठ होते. गणितात याचा अर्थ घातांकी वाढ. मऊ ऊतीला स्वतःचा असा ठरलेला ताठपणा नाही, तो तिच्यावरच्या भाराबरोबर बदलतो, हे त्या साध्या प्रयोगाने समोर ठेवले. पुढे १९८१ मध्ये आलेला त्यांचा जिवंत ऊतींच्या यांत्रिक गुणधर्मांवरचा ग्रंथ या क्षेत्राचा पाया समजला जातो. विमानाच्या पंखांचे गणित करणारा माणूस सशाच्या आतड्याच्या पडद्यापाशी इतक्या आदराने थांबला, याचे मला फार अप्रूप वाटते. या विषयात येणाऱ्या अभियंत्याला ती नम्रता लागतेच.

भारानंतर येतो काळ. मळलेली कणिक बोटाने झटकन दाबली तर ती विरोध करते, आणि तेच बोट सावकाश टेकवून ठेवले तर ती खाली बसत जाते. यकृत, मेंदू, स्तनाची ऊती यांचे वागणे याच जातीचे आहे. दाबून धरले तर विरोध हळूहळू ओसरतो. भार चढवताना आणि उतरवताना आलेखाच्या वाटा वेगळ्या होतात, आणि दोन वाटांमधले क्षेत्रफळ म्हणजे ऊतीत जिरलेली ऊर्जा. त्यामुळे वेग सांगितल्याशिवाय ताठपणा सांगणे अर्धवट ठरते.

त्याहून गंमत अशी की ऊतीला आधी काय झाले हे आठवते. तोच तुकडा त्याच जोराने पुन्हा पुन्हा ताणला तर पहिल्या काही फेऱ्यांत आलेख सरकत राहतो आणि मग स्थिरावतो. प्रयोगशाळेत म्हणून आधी काही फेऱ्या करून ऊतीला 'सवय लावतात' आणि स्थिरावलेला आलेख नोंदवतात. शास्त्र म्हणून हे योग्य आहे. नाहीतर दोन प्रयोगांची तुलनाच होणार नाही. पण शस्त्रक्रियेत सर्जन यकृताला हात लावतो तो पहिल्यांदाच. तिथे सवय लावण्याच्या फेऱ्या नसतात. सिम्युलेटरला हवा असलेला आलेख म्हणजे नेमका तो पहिला, अस्थिर, प्रयोगशाळेने टाकून दिलेला आलेख. जुन्या शोधनिबंधांतले आकडे जसेच्या तसे उचलून सिम्युलेटरमध्ये घालणाऱ्यांनी या एका गोष्टीवर थांबून विचार करावा, असे मला कळकळीने वाटते.

दिशा हा आणखी एक पदर. व्हिएन्नाच्या कार्ल लांगर यांनी १८६१ मध्ये मृतदेहांच्या कातडीवर गोल टोकाने असंख्य छिद्रे पाडली. छिद्रे गोल राहिली नाहीत. ती लांबट फटींसारखी ताणली गेली, आणि त्या फटी जोडल्यावर साऱ्या अंगभर रेषांचा नकाशा उमटला. कातडी शरीरावर नुसती पांघरलेली नाही, ती सतत ताणलेली आहे, आणि तो ताण सगळ्या दिशांना सारखा नाही. प्लास्टिक सर्जन आजही छेद घेताना लांगर रेषांचा विचार करतात. कातडीचा तुकडा कापून यंत्रात लावला की हा मूळचा ताण निघून जातो, तुकडा आक्रसतो, आणि आपण जे मोजतो ती शरीरावरची कातडी राहत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो: जिवंत आणि मृत. विश्रांतीच्या वेळी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे चौथा हिस्सा यकृतातून जातो, मिनिटाला जवळपास दीड लिटर. यकृत भरलेले, दाबाखाली असलेले इंद्रिय आहे. रक्त थांबले की त्याचा आकार, त्याचा विरोध, दाबल्यावर परत यायला लागणारा वेळ, सगळे बदलते. हार्वर्डमध्ये एमी केर्डोक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत डुकराच्या यकृताची चार अवस्थांत तुलना केली: जिवंत प्राण्याच्या पोटात, बाहेर काढून, पण शरीरातल्याइतक्या दाबाने द्राव खेळवत ठेवलेले, बाहेर काढून तसेच ठेवलेले, आणि कापलेला तुकडा. द्राव खेळवलेल्या यकृताचे वागणे जिवंत यकृताच्या जवळ आले. प्रवाह थांबलेली दोन्ही वेगळी वागली. म्हणजे पेशी तीच, कोलॅजेन तेच, तरी केवळ आतला दाब गेला आणि इंद्रियाचा स्पर्श बदलला.

आपल्याकडच्या वैद्यकीय विद्यार्थ्याला ही गोष्ट वेगळ्या वाटेने माहीत असते. पहिल्या वर्षी तो ज्या देहावर शिकतो तो फॉर्मॅलिनमध्ये टिकवलेला असतो. फॉर्मॅलिन प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकते. स्नायू कडक होतात, यकृत कापता येते पण दबत नाही. महाराष्ट्रात देहदानाची चळवळ रुजली, अनेक कुटुंबांनी दुःखाच्या घटकेला तो निर्णय निभावला, आणि त्या देहांनी रचना शिकवण्याचे फार मोठे काम केले. स्पर्श शिकवणे मात्र फॉर्मॅलिनमुळे त्यांना शक्य होत नाही. ऑस्ट्रियातल्या ग्राझ येथील वाल्टर थील यांनी १९९२ मध्ये ऊती मऊ ठेवणारी दुसरी पद्धत मांडली, ती शस्त्रक्रियेच्या सरावासाठी कितीतरी अधिक उपयोगी आहे. तरीही रक्ताचा दाब तिथेही नसतोच.

म्हणून मोजमाप शस्त्रक्रियागृहात गेले. हा टप्पा मला या इतिहासातला सर्वांत हृद्य भाग वाटतो, कारण इथे अभियंत्याला रुग्णापुढे स्वतःची सगळी घाई बाजूला ठेवावी लागली. उपकरण निर्जंतुक होणारे हवे, विजेचा धोका नको, मोजणीला काही मिनिटांपेक्षा जास्त वेळ नाही, श्वासाबरोबर यकृत वर-खाली होते, हृदयाचे ठोके आलेखात उमटतात, आणि ऊतीला इजा होता कामा नये. वर रुग्णाची संमती आणि नीतिसमितीची परवानगी. स्कॉटलंडमधल्या डंडी येथे कार्टर, कुशिएरी आणि सहकाऱ्यांनी हातात धरायच्या दाबयंत्राने माणसांच्या यकृतावर शस्त्रक्रियेदरम्यान मोजण्या केल्या. त्या २००१ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्याच सुमारास एमआयटीत मार्क ओटेन्समेयर यांनी दुर्बिणीच्या छिद्रातून पोटात जाईल असे बारीक उपकरण बनवले. ते इंद्रियाच्या पृष्ठभागावर टेकून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास थरथरते आणि ऊतीचा प्रतिसाद नोंदवते. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात चिमट्यालाच मोटर बसवली, म्हणजे सर्जन पकडतो तशीच पकड आणि तिथेच मोजणी.

झुरिकच्या ईटीएच संस्थेत काढलेली युक्ती तर अगदी सरळ आहे. नळीचे तोंड इंद्रियावर टेकवायचे, आतली हवा हलकेच ओढायची, ऊतीचा लहानसा फुगवटा नळीत वर येतो, त्याची बाजूने प्रतिमा घ्यायची. दाब ठाऊक, फुगवट्याची उंची ठाऊक. शिवाय नळी ऊतीला चिकटून राहत असल्याने इंद्रिय हलले तरी नळी त्याच्याबरोबर हलते. या पद्धतीने त्यांनी गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत ते काढण्यापूर्वी आणि काढल्यानंतर मोजले, आणि पुढे मानवी यकृतावरही मोजण्या केल्या.

एवढे सारे करून हाती येतो तो जोर आणि खोली यांचा आलेख. तो ऊतीचा गुणधर्म नव्हे. आलेखापासून गुणधर्माकडे जायचे तर संगणकात त्या इंद्रियाचे प्रतिरूप करायचे, अंदाजाने गुणांक भरायचे, दाबून पाहायचे, आणि खरा आलेख मिळेपर्यंत गुणांक बदलत राहायचे. यात एक मोठा सापळा आहे. गुणांकांच्या दोन वेगळ्या जोड्या एकच आलेख देऊ शकतात. पृष्ठभागावर जमलेला मेळ आतही खरा आहे याची खात्री कोण देणार? यासाठी केर्डोक आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सिलिकॉनचा एक ठोकळा जगापुढे ठेवला, बाजू ८ सेंटिमीटरची, आणि आत ठरावीक अंतराने बसवलेले टेफ्लॉनचे ३४३ बारीक मणी. ठोकळा दाबून सीटी स्कॅन काढला की प्रत्येक मणी कुठून कुठे गेला ते दिसते. कोणीही आपले गणित या माहितीवर तपासून पाहावे. दुसऱ्याला आपले पडताळता यावे म्हणून मेहनत घेणारे असे काम कमी गाजते, पण क्षेत्र उभे राहते ते अशाच कामावर.

वाचक इथे विचारील, फायब्रोस्कॅनवर यकृताचा ताठपणा काही मिनिटांत मिळतो, मग एवढा खटाटोप कशाला? ध्वनिलहरींनी ताठपणा पाहण्याची कल्पना जोनाथन ओफिर यांच्या गटाने १९९१ मध्ये मांडली, एमआरआयने तो मोजण्याची पद्धत मेयो क्लिनिकच्या मुथुपिल्लई आणि एहमान यांनी १९९५ मध्ये, आणि आज आपल्याकडच्या मोठ्या शहरांत फायब्रोस्कॅन सहज होतो. बरगड्यांमधून हलका ठोका द्यायचा, तो यकृतातून किती वेगाने जातो ते पाहायचे. यकृत जितके ताठ तितका वेग जास्त. सिऱ्होसिस ओळखण्यासाठी हे वरदान आहे. पण त्या ठोक्याने ऊती अगदी किंचित हलते. सर्जनचा चिमटा तिला कितीतरी पटींनी अधिक दाबतो, आणि फुंग यांनी दाखवल्याप्रमाणे तिथे ताठपणा बदललेला असतो. शिवाय या दोन पद्धतींचे आकडे एका मापाचे नाहीत. फायब्रोस्कॅन यंग गुणांक सांगतो, एमआरआयची पद्धत साधारणपणे कर्तन ताठपणा, म्हणजे थर एकमेकांवरून सरकवताना होणारा विरोध, सांगते, आणि जवळजवळ न आकुंचणाऱ्या पदार्थात पहिला दुसऱ्याच्या तिप्पट असतो. निरोगी यकृत एका अहवालात ५ किलोपास्कलच्या आसपास आणि दुसऱ्यात अडीचच्या आत दिसते ते प्रामुख्याने यामुळे. दोन्ही खाली 'किलोपास्कल' लिहिलेले असते, आणि घाईत वाचणारा फसतो.

एक प्रामाणिक आक्षेप मात्र टाळता येणार नाही. एवढी अचूकता खरेच लागते का? येल विद्यापीठात सेमूर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही निवासी डॉक्टरांना आधी संगणकी सिम्युलेटरवर सराव दिला, काहींना दिला नाही. सराव केलेल्यांनी पित्ताशय सोडवण्याचे काम २९ टक्के कमी वेळात केले. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडे भाजण्याची शक्यता पाचपट होती. आणि त्या सिम्युलेटरवर यकृत नव्हते, पित्ताशय नव्हते. होते ते साधे भौमितिक आकार, अवकाशात हलवायचे. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठाचे कॅरोल मिलर यांनी जपानच्या कियोयुकी चिनझेई यांच्याबरोबर मेंदूच्या ऊतीवर वर्षानुवर्षे काम केले. १९९७ मध्ये दाबाखाली आणि २००२ मध्ये ताणाखाली तिचे वागणे मांडले, आणि ती ताणताना दाबतानापेक्षा मऊ असते हे दाखवले. कवटी उघडल्यावर मेंदू सरकतो, कधी सेंटिमीटरभरही, आणि आधी काढलेल्या एमआरआयवरची गाठीची जागा चुकते. ती सुधारायला हे ज्ञान हवे होते. पण त्याच मिलर यांच्या गटाने २००९ मध्ये लिहिले की उघड्या पृष्ठभागाचे सरकणे प्रत्यक्ष मोजून संगणकाला दिले, तर आतल्या भागाच्या हालचालीचा अंदाज ऊतीसाठी कोणते सूत्र वापरले यावर फारसा अवलंबून राहत नाही. जे मोजण्यात आयुष्याची वर्षे घातली, ते एका कामासाठी आवश्यक नाही असे स्वतःच सिद्ध करून छापणे, याला मोठे मन लागते.

या दोन उदाहरणांतून मोजमाप निरुपयोगी आहे असा अर्थ काढणे चूक ठरेल. हात-डोळ्यांचा मेळ शिकायला गुणांक लागत नाही. हालचाल ठाऊक असताना हालचालच काढायची असेल, तरी तो फारसा लागत नाही. पण जिथे जोर हाच प्रश्न आहे तिथे त्याला पर्याय नाही: टाका किती ओढावा, आतडे चिमट्यात किती दाबले तर ते जगेल, मणक्यात सुई घालताना पडदा कधी भेदला गेला, यंत्रमानवी शस्त्रक्रियेत यंत्राने कुठे थांबावे. अशा ठिकाणी चुकीचा स्पर्श शिकवणारा सिम्युलेटर हा सिम्युलेटर नसण्यापेक्षा वाईट, कारण तो हाताला चुकीचा आत्मविश्वास देतो.

गणिताची एक मर्यादा ओझरती सांगतो. डोळ्याला सेकंदाला २५-३० चित्रे पुरतात. हाताला स्पर्श सलग वाटायचा तर विरोधाचा जोर सेकंदाला सुमारे १००० वेळा काढावा लागतो. फ्रान्समध्ये सोफिया अँटिपोलिस येथे कोतँ, देलँजेत आणि आयाश यांनी १९९९ मध्ये यकृताचे प्रत्यक्ष वेळेत चालणारे प्रतिरूप दाखवले, तेव्हा वेग मिळवण्यासाठी त्यांनी ऊती हूकच्या नियमाने वागते असे धरून बरेचसे गणित आधीच करून ठेवले होते. त्या काळात ती तडजोड अटळ होती. आज संगणक पुष्कळ वेगवान आहेत. ती सवय मात्र काही ठिकाणी अजून टिकून आहे.

आपल्या विद्यार्थ्यांसाठी हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. एमबीबीएसच्या २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमाने वैद्यकीय महाविद्यालयांत कौशल्य प्रयोगशाळा आवश्यक ठरवली. तिथे पुतळे, सिलिकॉनच्या कातड्या, दुर्बिणीच्या सरावाच्या पेट्या (बॉक्स ट्रेनर) येत आहेत. ते विकत घेताना दिसण्याची चौकशी होते, किमतीची होते. ती कातडी किती जोराला किती ताणते, आणि माणसाच्या कातडीशी ते कितपत जुळते, हेही विचारले जावे. त्यासाठी लागणारे साधे ताणयंत्र बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत असते, आणि बऱ्याचदा जवळच एखादे वैद्यकीय महाविद्यालयही असते. या दोन इमारतींमधले अंतर चालून जाणारे पाच-दहा विद्यार्थी दरवर्षी निघाले, तर आपल्या रुग्णांच्या ऊतींची, आपल्याकडच्या सरावसाहित्याची नोंद आपल्याच हाताने होऊ लागेल. डुकराच्या यकृतावरून माणसाच्या यकृताचा अंदाज करण्यात जगाने खूप वर्षे घालवली. माणसावरच्या मोजण्या अजूनही त्या मानाने थोड्या आहेत.

पुढच्या पानांत समीकरणे आहेत, आलेख आहेत आणि आकड्यांचे तक्ते आहेत. गणित कच्चे असणाऱ्याने समीकरणे पहिल्या वाचनात सोडली तरी चालतील, तक्ते मात्र सोडू नयेत. प्रत्येक आकड्याशेजारच्या रकान्यात ऊती कोणाची, जिवंत की मृत, किती तापमानाला, किती वेगाने आणि कितव्या फेरीला मोजली, हे लिहिलेले आहे. आकडा वहीत उतरवून घ्याल तेव्हा तो रकानाही त्याच्यासोबत उतरवून घ्या.